गप्प न बसणारं यंत्र

गाडीत एफएम लावलेलं असतं, गाणं रंगात आलेलं असतं. मोबाइल उतरलाय म्हणून कोणीतरी रस्त्यावर घेतलेला स्वस्तातला चार्जर लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसतं आणि गाण्याच्या जागी खरखर सुरू होते. चार्जर उपटला की गाणं परत. घरात एएम रेडिओ ऐकणारे जे थोडे लोक उरले आहेत, त्यांना याचा दुसरा अवतार माहीत असतो. स्वयंपाकघरातला एखादा एलईडी दिवा लागला की ७९२ किलोहर्ट्झवरचं आकाशवाणी पुणे केंद्र गुणगुणाटात बुडून जातं. चार्जरला अँटेना नाही, दिव्यात प्रक्षेपक नाही, दोघांनाही कोणाशी काही बोलायचं नाही. मग रेडिओला जे ऐकू येतं, ते कोण बोलतंय?

ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, कॉर्व्हॅलिस गावी, हा प्रश्न एका कॉलेज विद्यार्थ्याच्या दारावर येऊन थडकला. विमानं आणि जहाजं संकटात सापडली की १२१.५ मेगाहर्ट्झ या वारंवारितेवर मदत मागतात. त्या वारंवारितेवरची हाक उपग्रहाने टिपली, शोधपथक निघालं आणि माग काढत पोचलं ते या मुलाच्या टीव्हीपाशी. संचाच्या आतलं कुठलंतरी सर्किट नेमकं १२१.५ वर ओरडत होतं; मालकाला त्याचा पत्ताही नव्हता. संच पुन्हा लावलास तर दिवसाला दहा हजार डॉलर दंड, अशी ताकीद त्याला मिळाली.

चार्जर, दिवा आणि तो टीव्ही यांचं दुखणं एकाच जातीचं आहे. आत कुठेतरी वीज फार वेगाने खालीवर होत असते. अशी उघडझाप करणं हाच जिचा धर्म आहे, अशी वस्तू म्हणजे मायक्रोकंट्रोलर, एका चिपवर मावणारा छोटा संगणक. तो वॉशिंग मशीनमध्ये असतो, विजेच्या मीटरमध्ये असतो, खेळण्यातल्या गाडीतही असतो.

समजा, द्राक्षबागेतल्या मातीचा ओलावा मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह उघडबंद करणारं एक यंत्र तुम्ही बनवलं. आत मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, बाहेर सेन्सरच्या दोन-दोन मीटरच्या वायरी, व्हॉल्व्हची एक वायर आणि भिंतीवरचा अडॅप्टर. नाशिकच्या बागेत ते झकास चालतंय. आता ते युरोपात किंवा अमेरिकेत विकायचं म्हटलं, तर त्याला एका बंद खोलीत परीक्षा द्यावी लागते. ओलावा किती अचूक मोजतं हे तिथे कोणी विचारत नाही. मोजतात ती त्याची रेडिओलहरींवरची बडबड.

एका ठोक्यात किती सूर

मायक्रोकंट्रोलरचं सगळं काम ठेक्यावर चालतं. आर्डुइनो उनो या लोकप्रिय बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर १६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांवर चालतो. दर ठोक्याला आतले असंख्य ट्रान्झिस्टर एकदम कूस बदलतात आणि तारांवरचा विद्युतदाब शून्यावरून ५ व्होल्टवर उडी मारतो, पुन्हा खाली येतो. याचा आलेख काढला तर गोलसर लाट दिसत नाही, किल्ल्याच्या तटासारखे चौकोनी दात दिसतात.

या दातांमध्येच सगळी गोम आहे. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए याने १८२२ साली उष्णतेवरच्या आपल्या ग्रंथात दाखवलं, की ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणारी कोणतीही आकृती साध्या गोलसर लाटांच्या बेरजेतून उभी करता येते. त्यातली पहिली लाट मूळ वारंवारितेची, बाकीच्या तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. गाणं ऐकणाऱ्याला हे नवीन नाही. तंबोऱ्यावर खर्जाची तार छेडली की जाणत्या कानाला त्यातून गंधार ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो. खर्जाच्या पाचपट कंपनांतून तो आपोआप उमटतो. मायक्रोकंट्रोलरचा ठेका, म्हणजे त्याचा क्लॉकही, असाच न छेडलेल्या सुरांनी भरलेला असतो. त्या सुरांना हार्मोनिक म्हणतात.

हिशेब करून पाहा. १६ ची सहापट ९६, म्हणजे थेट एफएमच्या पट्ट्यात. सातपट ११२ आणि आठपट १२८, म्हणजे विमानांच्या दिशादर्शनासाठी आणि वैमानिकांच्या संभाषणासाठी राखलेल्या १०८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. पुस्तकातल्या आदर्श चौकोनी लाटेत फक्त विषम पटी असतात. खरी चिप मात्र चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा विजेचा घोट घेते, त्यामुळे सम पटीही हजेरी लावतात.

इथे एक गैरसमज हमखास भेटतो: ‘आमचा कंट्रोलर संथ आहे, आम्हाला काय त्रास?’ त्रास ठोक्यांच्या वेगापेक्षा दातांच्या धारेचा जास्त असतो. सिग्नल खालून वर जायला २ नॅनोसेकंद घेत असेल, तर त्याची वरची हार्मोनिकं सुमारे १६० मेगाहर्ट्झपर्यंत दमदार राहतात आणि त्यानंतर वेगाने ओसरतात. हीच चढण १० नॅनोसेकंदांची केली, तर ओसरणं ३२ मेगाहर्ट्झपासूनच सुरू होतं आणि वरच्या पट्ट्यांतला गोंगाट सुमारे पाचपट कमी होतो. सेकंदाला एकदाच लुकलुकणाऱ्या दिव्याची धारही २ नॅनोसेकंदांची असू शकते. नव्या चिपा जुन्यांपेक्षा लहान ट्रान्झिस्टरांच्या, म्हणून धारदार. त्यामुळे वर्षानुवर्षं पास होत आलेला बोर्ड, चिपची नवी आवृत्ती बसवल्यावर त्याच कामात नापास होतो.

रेडिओवर गाणारा संगणक

या गोंगाटाची एक गाजलेली मैफल एप्रिल १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात झाली. होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या बैठकीत स्टीव्ह डॉम्पियरने आपला अल्टेअर ८८०० संगणक आणला. त्याला ना पडदा होता ना स्पीकर. डॉम्पियरने शेजारी एक छोटा रेडिओ ठेवला, संगणकाच्या तोंडावरची बटणं खालीवर करून प्रोग्रॅम भरला आणि रेडिओतून बीटल्सच्या ‘द फूल ऑन द हिल’ची धून वाजायला लागली. २ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ज्या क्रमाने सूचना पाळत होता, त्या क्रमाप्रमाणे त्याच्या उत्सर्जनाचा सूर बदलत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेजाऱ्यांनी मात्र वाजवल्या नाहीत. घरोघर संगणक आले तसे टीव्हीच्या पडद्यांवर पट्टे उमटू लागले. टीआरएस-८० हा संगणक तर इतका बोलका होता, की शेजारच्या एएम रेडिओतून आवाज काढून दाखवणारा खेळही त्यासाठी निघाला. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, १९७९ मध्ये संगणकी उपकरणांसाठी उत्सर्जनाच्या मर्यादा ठरवल्या. टीआरएस-८० चं पहिलं मॉडेल त्या मर्यादांत बसवणं परवडेना, म्हणून १९८१ च्या सुरुवातीला ते बंद करावं लागलं. अटारी ४०० आणि ८०० यांच्या पोटात जाड ओतीव ॲल्युमिनियमचं कवच होतं, तेही याच धास्तीपोटी.

युरोपात या विषयाला त्याआधीच वाचा फुटली होती. रेडिओतल्या व्यत्ययावर काम करणारी सिस्प्र ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासूनची. आज जगभरचे बहुतेक नियम तिच्या मानकांवरून बेतलेले असतात. युरोपीय संघात १ जानेवारी १९९६ पासून विद्युतचुंबकीय सुसंगतीची अट बंधनकारक झाली आणि वस्तूवरच्या ‘सीई’ खुणेत तिचा समावेश झाला. भारतात चित्र थोडं विखुरलेलं आहे. दूरसंचार उपकरणांसाठी टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटरची सक्तीची चाचणी आहे, वायरलेस उपकरणांसाठी वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभागाची मान्यता लागते, वाहनांसाठी वेगळी मानकं आहेत. चाचणीच्या सोयी मात्र आपल्या अंगणात आहेत. मुंबईत मुख्यालय असलेली ‘समीर’ ही संस्था आणि पुण्याची ‘एआरएआय’ ही त्यातली ठळक नावं. खासगी प्रयोगशाळाही आहेत.

तीन नॅनोवॉटचा गुन्हा

मर्यादा किती कडक आहे हे आकड्यांशिवाय पटत नाही. घरगुती वापराच्या उपकरणांसाठी एफसीसीचा ‘ब’ वर्ग लागतो. त्यात ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, तीन मीटर अंतरावर, विद्युतक्षेत्र १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटरच्या वर जाता कामा नये. उत्सर्जन चहूकडे सारखं पसरतंय असं धरलं, तर ही शक्ती येते जेमतेम ३ नॅनोवॉट. एका वॉटचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातले तीन. बोर्डावरचा ‘चालू आहे’ सांगणारा बारका दिवा याच्या लाखो पट वीज खातो.

दुसरा आकडा याहून कामाचा. एक मीटर लांबीच्या वायरीवरून ५० मेगाहर्ट्झचा अवघा ५ मायक्रोॲम्पियर प्रवाह ‘मोकाट’ वाहिला, की ही मर्यादा ओलांडली जाते. आर्डुइनोची एक पिन सहज २० मिलिॲम्पियर देते. त्यातला चार हजारावा हिस्सा वाट चुकला की नापास! मोकाट म्हणजे काय, ते आता पाहू, कारण या विषयातली बहुतेक अपयशं तिथेच घडतात.

अँटेना तुम्हीच जोडलेला असतो

चांगला अँटेना साधारण पाव तरंगलांबीचा असतो. ५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ६ मीटर, तिचा पाव दीड मीटर. चिप नखाएवढी आणि बोर्ड तळहाताएवढा. त्यांना या वारंवारितेवर धड बोलताच येत नाही. पण आपल्या ओलावामापकाला दोन-दोन मीटरच्या वायरी आहेत. त्या बागेसाठी सेन्सरच्या वायरी आहेत, रेडिओलहरींसाठी उत्तम अँटेना.

एरवी वायरीतल्या दोन तारांपैकी एकीतून प्रवाह जातो आणि दुसरीतून परत येतो. दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात आणि बाहेर फारसं काही जात नाही. मोकाट प्रवाह दोन्ही तारांतून एकाच दिशेने जातो आणि हवेतून, जमिनीतून, मिळेल त्या वाटेने परततो. इंजिनिअर त्याला कॉमन मोड म्हणतात. तिथे खोडून काढायला कोणीच नसतं.

हा मोकाट प्रवाह येतो कुठून? सर्किटचा नकाशा काढताना ग्राउंडची, म्हणजे शून्य व्होल्टची, खूण आपण पन्नास ठिकाणी काढतो आणि ही सगळी ठिकाणं एकच आहेत असं मानून चालतो. कागदावर ते खरं असतं, तांब्यावर नसतं. बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक पट्टीला दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो, म्हणजे झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाला होणारा एक प्रकारचा विरोध. २ सेंटिमीटरच्या पट्टीचा १०० मेगाहर्ट्झला हा विरोध १२ ओहमच्या आसपास जातो. तिच्यातून १ मिलिॲम्पियर गेला, की दोन टोकांच्या ‘ग्राउंड’मध्ये १२ मिलिव्होल्टचा फरक. एका टोकाला चिप आणि दुसऱ्या टोकाला लांब वायर असेल, तर हा फरक वायरीला हलवत राहतो आणि ते ५ मायक्रोॲम्पियर कधीच मागे पडतात.

प्रत्येक प्रवाहाला परत यावंच लागतं, ही गोष्ट बोर्ड आखणाऱ्याने ध्यानीमनी ठेवायला हवी. मंद प्रवाह कमीत कमी रोधाच्या वाटेने, म्हणजे साधारण सरळ परततो. वेगवान प्रवाह आपल्या जाण्याच्या पट्टीच्या अगदी खालून, तिची सावली धरून परततो, कारण त्या वाटेने जाण्यायेण्याचा वेढा सर्वांत लहान होतो. खालच्या ग्राउंडच्या पत्र्यात कोणी दुसरी पट्टी नेण्यासाठी चीर पाडलेली असेल, तर परतणाऱ्या प्रवाहाला चिरेला वळसा घालावा लागतो. वेढ्याचं क्षेत्रफळ दुप्पट झालं की उत्सर्जन दुप्पट. वारंवारिता दुप्पट झाली की चौपट. वरून बोर्ड देखणा दिसतो, सगळे जोड बरोबर असतात, प्रोग्रॅम नीट चालतो, आणि ती एक चीर सगळ्याचा निकाल लावते.

परीक्षेची तयारी आखणीच्या टेबलावर

म्हणून चाचणीची तयारी चाचणीच्या आदल्या आठवड्यात सुरू करणं म्हणजे लग्न ठरल्यावर पत्रिका पाहणं. माझं ठाम मत असं, की छोट्या उत्पादकाने पैसे खर्चायचेच असतील तर आधी चार थरांच्या बोर्डावर खर्चावेत. दोन थरांच्या बोर्डावर ग्राउंडला उरलीसुरली जागा मिळते. चार थरांत एक अख्खा थर ग्राउंडला देता येतो, एकही चीर न पाडता. वाढीव खर्च चाचणीच्या एका फुकट गेलेल्या फेरीपुढे किरकोळ ठरतो.

मग चिपच्या भुकेची सोय. ठोक्यासरशी तिला विजेचा मोठा घोट लागतो. तो अडॅप्टरपासून आणायला वेळ नसतो आणि आणलाच तर सगळी वाट गोंगाटाने भरते. त्यासाठी प्रत्येक पॉवर पिनच्या अगदी शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ठेवतात. ‘शेजारी’ याचा अर्थ दोन-तीन मिलिमीटर. तोच कपॅसिटर दोन सेंटिमीटर लांब बसवला तर पट्टीचा इंडक्टन्स त्याचा उपयोग खाऊन टाकतो. नकाशात तो असतो, हजेरी लागते, काम होत नाही.

धार बोथट करणं त्याहून स्वस्त. क्लॉकच्या किंवा वेगवान डेटाच्या पट्टीवर, पाठवणाऱ्या चिपच्या तोंडाशी २२ ते ४७ ओहमचा रेझिस्टर घातला की चढण सौम्य होते. हल्लीच्या बऱ्याच मायक्रोकंट्रोलरांत पिनचा वेग प्रोग्रॅममधूनच ठरवता येतो; एसटीएम३२ मालिकेतल्या बऱ्याच चिपांत त्याच्या चार पायऱ्या असतात. नमुना कोडमधून उचललेली ‘अतिवेगवान’ ही पायरी लुकलुकत्या दिव्यालाही तशीच ठेवलेली दिसते, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. एका ओळीचा बदल, खर्च शून्य.

वायरींचे सगळे जोड बोर्डाच्या एकाच कडेला आणावेत, म्हणजे बोर्डाच्या दोन टोकांतला फरक त्यांच्यामध्ये येत नाही. प्रत्येक जोडाच्या तोंडाशी फेराइट, म्हणजे वेगवान प्रवाह अडवणारा चुंबकीय मणी, किंवा छोटा कपॅसिटर ठेवायची जागा आधीच राखावी. लागला नाही तर ती रिकामी ठेवता येते. जागाच नसेल तर पुढे काही करता येत नाही. विजेचा दाब उतरवणारं स्विचिंग सर्किट असेल, तर त्याच्या कपॅसिटरचा, स्विचचा आणि डायोडचा वेढा शक्य तितका आवळावा. चार्जरमधली खरखर बहुतेक वेळा त्याच वेढ्यातून येते.

‘डबा धातूचा करू, म्हणजे झालं’ हा उपाय फार लोकांना सुचतो. पण डब्यातून एक वायर गाळणीशिवाय बाहेर आली, की आतला सगळा गोंगाट तिच्यावर स्वार होऊन येतो. डबा शेवटचा उपाय म्हणून ठीक आहे.

क्लॉकची वारंवारिता सतत किंचित हलती ठेवण्याची एक युक्तीही आहे. परीक्षेतला मापक ३० ते १,००० मेगाहर्ट्झमध्ये एका वेळी १२० किलोहर्ट्झची खिडकी उघडून पाहतो. क्लॉक हलता असला की एकाच सुरात साठणारी शक्ती अनेक खिडक्यांत वाटली जाते आणि शिखर बुटकं दिसतं. एकूण गोंगाट तेवढाच राहतो. नियमात बसते, म्हणून सर्रास वापरतात. मला ती परीक्षेपुरती हुशारी वाटते.

घरची पूर्वपरीक्षा

चेंबरचं, म्हणजे परीक्षेच्या त्या बंद खोलीचं, भाडं तासावर असतं, म्हणून आधी घरी पाहून घेणं शहाणपणाचं. टीव्ही पाहण्यासाठी निघालेले आणि आता रेडिओ म्हणून वापरले जाणारे आरटीएल-एसडीआर डोंगल साधारण २४ ते १,७०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतात आणि काही हजार रुपयांत मिळतात. तळहातावर मावणारे स्पेक्ट्रम ॲनालायझरही आता आवाक्यात आहेत. टोकाला कोॲक्सियल केबलचा बोटभर वेढा करून तो बोर्डावरून फिरवला, की कुठली चिप, कुठली पट्टी ओरडते आहे ते दिसतं.

या वेढ्याच्या आकड्यांवरून पास-नापास मात्र ठरवू नये. बोर्डाला चिकटून मोजलेलं क्षेत्र आणि तीन मीटरवरचं क्षेत्र यांचा सरळ संबंध नसतो. बोर्डावर सर्वांत मोठ्याने ओरडणारी जागा लांबवर ऐकूही न येण्याची शक्यता असते. वायरींवरून वाहणारा मोकाट प्रवाह मोजणं त्याहून भरवशाचं. फेराइटच्या उघडझाप कड्यावर तारेचे काही वेढे घेऊन केलेली पकड प्रत्येक वायरीवर लावून बघावी. कुठली वायर सर्वांत वाईट, आणि बदल केल्यावर सुधारणा झाली की नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ. मोजण्याआधी यंत्र बंद ठेवून एकदा नोंद घ्यायला विसरू नये, नाहीतर शहरातलं एफएम स्टेशन आपल्या बोर्डाच्या नावावर जमा होतं.

वेगळा प्रोग्रॅमही आधीच लिहून ठेवावा. वीज दिली की तो आपोआप सुरू व्हावा, सगळे सेन्सर, व्हॉल्व्ह, संदेशवहन एकदम आणि अखंड चालवावं, मध्येच झोपू नये. रोजच्या वापरात आपला ओलावामापक दहा मिनिटांतून एकदा जागा होतो. चेंबरमधला मोजणारा अँटेना दहा मिनिटं त्याची वाट पाहत बसणार नाही. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे बंद करता येण्याची सोय असेल तर दोषी शोधणं फार सोपं जातं.

चेंबरमध्ये

खोलीच्या भिंतींवर आणि छतावर फेराइटच्या फरश्या आणि त्यांवर फोमचे काळे सुळके असतात. फरश्या खालच्या वारंवारिता गिळतात, सुळके वरच्या. जमीन मात्र धातूची असते. यंत्र ८० सेंटिमीटर उंच टेबलावर ठेवतात आणि टेबल गोल फिरतं, कारण यंत्र कुठल्या दिशेला जास्त ओरडतं हे आधी कळत नाही. जमिनीवरून परावर्तित झालेली लाट सरळ आलेल्या लाटेत मिसळून तिला वाढवते किंवा घटवते, म्हणून अँटेना १ ते ४ मीटर उंचीवर खालीवर नेऊन सर्वांत वाईट आकडा शोधतात. एकदा उभा धरून, एकदा आडवा. यंत्राला कुठेही लपायला जागा ठेवायची नाही, असा हा सारा बेत आहे.

आकडा मोजण्याची तऱ्हाही मजेशीर आहे. ‘क्वासी-पीक’ नावाचा मापक क्वचित येणाऱ्या टकटकीला कमी गुण देतो आणि सतत येणाऱ्या खरखरीला जास्त. रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला ज्याचा जास्त वैताग येतो, त्याला जास्त शिक्षा. माणसाची चिडचिड अशी मापकात बसवलेली दुसरीकडे क्वचितच सापडेल.

किती पट्ट्यापर्यंत मोजायचं हे आतल्या सर्वांत वेगवान क्लॉकवर ठरतं. एफसीसीच्या नियमाप्रमाणे तो १०८ मेगाहर्ट्झपर्यंत असेल तर १ गिगाहर्ट्झपर्यंत, त्याहून वर ५०० पर्यंत असेल तर २ गिगाहर्ट्झपर्यंत. २४० मेगाहर्ट्झवर पळणारा ईएसपी३२ ओलावा मोजायला घेतला, तर परीक्षेचा अभ्यासक्रम निदान दुप्पट होतो.

चौकट: चेंबरला जाताना सोबत
एकसारखे निदान दोन नमुने, म्हणजे एकावर चिरफाड करता येते.
सगळ्या क्लॉकची आणि स्विचिंग वारंवारितांची यादी.
प्रत्यक्ष विकायच्या लांबीच्याच वायरी.
दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे अडॅप्टर. अडॅप्टरवरचा बीआयएस नोंदणी क्रमांक सुरक्षिततेचा असतो, रेडिओशांततेचा नव्हे.
वायरीवर बसणारे फेराइट, तांब्याची चिकटपट्टी, रेझिस्टर-कपॅसिटर आणि सोल्डरिंग गन.
मर्यादेखाली ६ डेसिबल, म्हणजे निम्म्यावर राहायचं लक्ष्य. दुसऱ्या प्रयोगशाळेत आकडा थोडा इकडेतिकडे होतोच.

नापास झालं तर

पहिल्या फेरीत नापास होणं या धंद्यात नित्याचं आहे, त्यामुळे हातपाय गाळू नयेत. पडद्यावरची शिखरं नीट वाचावीत. शेजारच्या दोन शिखरांमधलं अंतर बहुधा गुन्हेगाराचं नाव सांगतं: अंतर १६ असेल तर मुख्य क्लॉक, १२ असेल आणि बोर्डावर १२ मेगाहर्ट्झचा यूएसबीचा क्रिस्टल असेल तर तो. टोकदार शिखरांऐवजी पसरट डोंगर असेल तर संशय स्विचिंग सर्किटवर.

मग वायरी एकेक करून काढाव्यात. वायर काढली आणि शिखर कोसळलं, म्हणजे अँटेना सापडला. सगळ्या वायरी काढूनही शिखर हललं नाही, म्हणजे बोर्डच बोलतोय आणि काम मोठं आहे. फेराइट वायरीच्या यंत्राकडच्या टोकाला लावून पाहावा, मधोमध नव्हे. पण त्या फेराइटने पास झालो म्हणून प्रत्येक विकलेल्या वायरीला तोच अडकवणं महागात पडतं. चेंबरमध्ये तो निदानासाठी वापरावा, उपचार बोर्डावर करावा.

‘आमचं वायफाय मॉड्यूल तर प्रमाणित आहे’

हे वाक्य नव्या उद्योजकांकडून सारखं ऐकू येतं. प्रमाणित मॉड्यूलचा फायदा खरा आहे. त्याच्यासाठी मान्य केलेला अँटेना वापरला आणि बसवण्याच्या सूचना पाळल्या, तर मुद्दाम केलेल्या प्रक्षेपणाची मोठी आणि महाग चाचणी बरीचशी वाचते. पण ते प्रमाणपत्र मॉड्यूलच्या बोलण्याचं आहे. त्याच्याभोवती तुम्ही उभा केलेला बोर्ड, क्लॉक आणि वायरी यांच्या बडबडीची परीक्षा तुम्हालाच द्यावी लागते.

पास झाल्यावरही तो निकाल त्या विशिष्ट बोर्डाचा असतो. खरेदी विभागाने स्वस्त अडॅप्टर आणला, चिपची नवी आवृत्ती आली किंवा सेन्सरची वायर दोनाऐवजी पाच मीटरची केली, तर निदान घरची पूर्वपरीक्षा पुन्हा घ्यायला हवी.

पुण्या-नाशिककडच्या छोट्या उत्पादकांना माझं सांगणं असं, की पहिला नमुना हातात येताच, हजार बोर्डांची ऑर्डर देण्याआधी, चेंबरचे दोन-तीन तास भाड्याने घ्या. औपचारिक अहवाल मागू नका, नुसते आकडे पाहा. त्या वेळी रेझिस्टर बदलायला दहा मिनिटं लागतात आणि ग्राउंडमधली चीर पुढच्या आवृत्तीत बुजवता येते. हजार बोर्ड तयार झाल्यावर तीच चीर भंगाराच्या भावात मोजावी लागते.